जाळीतलं नाणं

चाकणच्या आठवडे बाजारात कांद्याच्या गाड्या सुटायच्या, त्या पटांगणाच्या कडेला एक चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत ज्योतीराम पटवेकर घोंगडी टाकून बसायचा. पुढ्यात रेशमाच्या लडी, करदोडे, गोंडे, आणि धागे ओढून ओढून खाचा पडलेला मेणाचा गोळा. पंचक्रोशीतल्या बायका त्याच्याकडे डोरली, काळ्या मण्यांच्या पोती, पुतळ्यांच्या माळा ओवायला आणायच्या. धागा जुना झाला की तो कापायचा, मणी परातीत उतरवायचा, नवा धागा मेणातून ओढायचा आणि पुन्हा सगळं होतं तसं गाठवून द्यायचा. तोवर बाई उघडा गळा पदराखाली झाकून समोरच बसून राहायची.

ज्योतीराम वर बघायचा नाही. बाईचं नाव विचारलं तर त्याला बहुतेकदा सांगता यायचं नाही, चेहराही नीट आठवायचा नाही. पण कुणाच्या डोरल्याची वाटी चेपलेली आहे, कुणाच्या माळेत सोन्याच्या मण्यांत एक पितळेचा बेमालूम बसवलाय, हे सगळं त्याच्या ध्यानात असायचं. हात चालू झाले की मन कुठं निघून जायचं ते त्याचं त्यालाच कळत नसे. बाजाराचा कलकलाट लांब लांब जायचा, कुणाच्या तरी शेतातल्या मोटेच्या आवाजासारखा. बायको शालनबाई म्हणायची, "तुमी जागं कवा आसता, ते तरी सांगून ठिवा."

चिंचवडच्या नानासाहेबांची आणि त्याची गाठ पडली ती इंदुताईंच्या तन्मण्यामुळे. इंदुताई नानासाहेबांच्या पत्नी. तन्मण्याचा धागा तुटला होता आणि त्यांना सोनाराकडे द्यायचा नव्हता, म्हणून ज्योतीरामला घरी बोलावलं. नानासाहेब मुंबईच्या टाकसाळीत नोकरी करून चिंचवडला येऊन राहिले होते. तेव्हा पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्याचं काम चालू होतं, दिवसभर ट्रकांचा धुरळा उडायचा, आणि त्या धुरळ्यापासून नाणी जपायची म्हणून नानासाहेब खिडक्या लावून बसायचे. पुण्या-मुंबईचे शौकीन त्यांच्याकडे नाणी पाठवत. नानासाहेब नाणं तोलून, भिंगाखाली धरून पाहत आणि एका चिठ्ठीवर ते कुठलं, खरं की खोटं आणि कुठल्या अवस्थेत आहे ते लिहून सही करत. त्या सहीवर लोक डोळे मिटून खरेदी करत.

ज्योतीराम ओसरीवर बसून मोती ओवत होता. आतल्या टेबलावर हिरव्या बनातीच्या कापडावर मांडलेली नाणी त्याला दारातून दिसत होती. नानासाहेबांनी त्याची नजर पाहिली.

"बघायचंय? ये."

त्यांनी एक रुपया कडेनं उचलून भिंगाखाली धरला. ज्योतीरामनं एक डोळा मिटला, आणि डोंगरावरून खाली गाव बघावं तसं त्याला झालं. अक्षरांचे बांध, मधली सपाट रानं, एका अंगाला झिजून झिजून नदीच्या पात्रासारखी गुळगुळीत झालेली कड. तो इतका वेळ वाकून राहिला की इंदुताईंना हाक मारावी लागली.

त्यानंतर तो महिन्या-पंधरा दिवसांनी चिंचवडला जाऊ लागला. काम असो वा नसो. नानासाहेबांना ऐकणारा माणूस हवा होता आणि ज्योतीरामला ते भिंग. नाणं कडेनं धरायचं, त्याच्या छापाला बोट लावायचं नाही, चिंच-राख लावून घासायचं तर मुळीच नाही, हे तो शिकला. नानासाहेबांचे अवस्थांचे शब्द त्यांचे स्वतःचेच होते. अक्षरं पार गेलेलं नाणं ते 'आंधळं' म्हणत. त्याच्यावर 'झिजकं', मग 'चालतं', मग 'उजळ'. आणि सगळ्यांच्या वर 'कोरं', म्हणजे टाकसाळीतून निघून कुणाच्या व्यवहारात न गेलेलं.

"कोरं चांदीचं पाहिलंय. सोन्याचंही पाहिलंय. पण तांब्याच्या नाण्याला हा शब्द मी अजून लिहिलेला नाही," ते एकदा म्हणाले. "तांबं गरिबाच्या हातचं. ते फिरणारच, घामानं काळं होणारच."

त्यांचा सगळा राग सोनारांवर होता. "गळ्यात घालायला म्हणून नाण्याला कडी झाळतात, डाग देतात. एकदा डाग दिला की नाणं गेलं."

"पर गळ्यात घालायचं तर कडी पायजेच की," ज्योतीराम म्हणाला.

नानासाहेबांनी पुढचं नाणं भिंगाखाली सरकवलं.

अशाच एका दुपारी बोलता बोलता ज्योतीरामच्या तोंडून गेलं, की आकुर्डीच्या विमलबाईंच्या रुपयांच्या माळेत मधला रुपया बाकीच्यांसारखा राणीछाप नाही. त्याच्यावर राणी नाही, अक्षरं आहेत आणि हत्तीच्या अंकुशासारखी खूण आहे. कडी आहे, पण डाग अगदी काठावर दिलाय, अक्षराला लागलेला नाही. नानासाहेब खुर्चीत सरळ झाले. "आकुर्डीत कुठं?"

आठ-पंधरा दिवसांत ते आकुर्डीला गेले. विमलबाईंचा नवरा मारुतराव नुकताच पिंपरीच्या कारखान्यात लागला होता. नानासाहेबांनी रास्त भाव सांगितला, उलट थोडा चढाच. मारुतरावनं माळ आणवून रुपया सोडवून दिला आणि त्या पैशांची सायकल घेतली.

यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. मारुतरावची पायपीट वाचली. नानासाहेबांच्या खणात अंकुशी रुपया आला आणि त्यांनी ज्योतीरामला तो मोठ्या आनंदानं दाखवला. पण गावोगाव फिरताना पुढच्या खेपेला ज्योतीराम आकुर्डीच्या देवळापुढं बसला असताना विमलबाई माळ घेऊन आल्या. मध्ये रिकामी जागा.

"जवळ जवळ ओढून बांधा," त्या म्हणाल्या. "फट दिसाय नको."

ज्योतीरामनं बांधलं. माळ गळ्यात घालताना विमलबाईंचा हात नेमका मधोमध गेला, तिथं थांबला, आणि खाली आला.

"सायकल चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पर हात आजून तितंच जातोय बगा."

त्या दिवशी घराकडे येताना ज्योतीराम एका शेताच्या बांधावर टेकला आणि त्याला झोप लागली. भर दुपार होती. स्वप्नात त्यानं पाहिलं, की गावोगावच्या गळ्यांतली नाणी सुटून हवेत आलीत. ज्वारीच्या रानावरून सावकाश, एकही आवाज न करता, इंद्रायणीकडे चाललीत. खाली बायका काम करताहेत आणि कुणीच वर बघत नाही. त्याला ओरडून सांगायचं होतं, पण तोंडात रेशमाचा धागा धरलेला होता. जाग आली तेव्हा त्याच्या दातांत खरोखरच गवताची काडी होती.

पुढं तो चिंचवडला जात राहिला, भिंगातून बघत राहिला, पण कुणाच्या गळ्याचं बोलणं त्यानं बंद केलं. नानासाहेबांनी दोनदा विचारून पाहिलं. ज्योतीराम म्हणाला, "आता ध्यानात ऱ्हात न्हाई." ते खोटं आहे हे दोघांनाही कळलं, आणि नानासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

महाळुंग्याच्या सोजराबाई बाजारात आल्या त्या साधारण वर्षभरानं. म्हातारी, ताठ, कपाळावर मोठं गोंदण. त्यांच्या डोरल्याच्या खाली मध्यभागी एक काळपट गोळा लोंबत असायचा, वाळल्या अंजिराएवढा. तो सगळ्या मुलखाला माहीत होता. रेशमाच्या जाळीत गुंडाळलेली सोन्याची मोहर. सोजराबाईंच्या घराला लोक 'मोहरेचं घर' म्हणायचे. ती मोहर कुणी पाहिलेली नव्हती. सोजराबाईंनी नाही, त्यांच्या सासूनंही नाही. आतलं सोडायचं नाही, जाळी विटली की वरून दुसरी घालून घ्यायची, असा घरातला दंडक होता.

"कांदं काढताना गळ्यातनं पडली," सोजराबाई म्हणाल्या. "ढेकळात गावली. नशीब माझं."

ज्योतीरामनं गोळा हातात घेतला. वरची जाळी त्याच्या बापाची होती. तिच्या फाटक्या भोकातून खालची दिसत होती, आणि ती गाठ बघून त्याच्या अंगावर काटा आला. डावीकडून फिरवून खाली दाबलेली गाठ. अशी त्याचा आजा घालायचा. त्यानं हलकेच दाबून पाहिलं. आतलं रेशीम पिठासारखं चुरत होतं.

"मावशी, आतलंबी कुजलंय. वरनं किती घाला, टिकायचं न्हाई. समदं काढाय लागंल."

सोजराबाईंनी गोळा परत मुठीत घेतला. शेजारी कुणीतरी शेळीचा भाव करत होतं.

"हितं नगं," त्या शेवटी म्हणाल्या. "घरी ये."

महाळुंग्याला त्यांच्या अंगणात, दुपारच्या उन्हात, ज्योतीरामनं पाट मांडला आणि पांढरं धोतर अंथरलं. सोजराबाई समोर. त्यांचे मालक पंढरपूरला गेलेले, मुलगा दत्तोबा मळ्यात होता. ज्योतीरामनं पहिली जाळी कापली. बापाची, किरमिजी. तिच्याखाली आज्याची, एकेकाळची हिरवी. तिच्याखाली एक पांढुरकी, जिची गाठ त्याला ओळखता आली नाही. एकेक थर सालीसारखा सुटत होता, आणि त्याला वाटत होतं आपण विहिरीच्या पायऱ्या उतरतोय, खाली खाली, थंडाव्यात. सगळ्यात शेवटी मेण लागलं. जुनं, मधासारखं पिवळं, सगळ्या अंगानं बसवलेलं. उन्हानं ते मऊ झालं. त्यानं ते नखानं नाही, रेशमाच्या बोळ्यानं पुसलं.

आतून लाल उजेड आला.

"सोनं असं तांबूस आसतं व्हय रं?" सोजराबाईंनी विचारलं.

ज्योतीरामला अक्षरं दिसत होती. 'श्री राजा शिव'. भोवती ठिपक्यांचं कडं, एकूण एक ठिपका जोंधळ्याच्या दाण्यासारखा टपोरा. पलीकडच्या बाजूला 'छत्रपति'. अशा शिवराया त्यानं ढिगानं पाहिल्या होत्या. देवघरात, वाण्याच्या तागडीत, तांबटाकडे वजनावर विकायला काढलेल्या. काळ्या, गुळगुळीत, आंधळ्या. ही त्यांच्यातलीच होती, आणि तरी तिच्याकडे बघताना त्याला श्वास घ्यायची भीती वाटत होती.

"मावशी, मोहर न्हाई ही. शिवराई हाय. तांब्याची."

कोंबड्या अंगणात फिरत होत्या. सोजराबाईंनी पदर सारखा केला.

"तांब्याचा पैसा?"

"व्हय."

"माझ्या लेकींची लग्नं हिच्या नावावर जुळली," त्या म्हणाल्या. "दुस्काळात सासऱ्यानं रान गहाण टाकलं, पर हिला हात लावला न्हाई. आनं ही तांब्याची?" त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. स्वतःच्याच घरात एक नवीन दार दिसावं तशा त्या बघत होत्या. "सासूला ठावं आसंल का रं? का तिच्या सासूला?"

ज्योतीरामनं नाणं कडेनं उचलून त्यांच्यापुढं धरलं. "पर मावशी, अशी शिवराई कुनी बगितलेली न्हाई. एक मानूस हाय चिंचवडला. नाण्यांचं समदं कळतं त्याला. तू म्हणशील तर त्याला बोलावतो. तू नगं म्हणलीस तर ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाई."

सोजराबाईंनी विचार केला. "बोलाव. निदान काय हाय ते तरी कळू दे."

दुसऱ्या दिवशी नानासाहेब एसटीनं चाकणला उतरले आणि तिथून बैलगाडीनं महाळुंग्याला आले. दत्तोबा आज घरीच थांबला होता. नाणं रात्रभर कापसात, वाटीखाली झाकलेलं होतं. नानासाहेबांनी भिंग काढलं, वाकले, आणि मग भिंग खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. पुन्हा भिंग घेतलं.

"कोरी," ते म्हणाले. एवढंच. थोड्या वेळानं पुन्हा, जणू स्वतःलाच, "कोरी आहे."

"म्हंजी?" दत्तोबानं विचारलं.

"म्हणजे टाकसाळीतून बाहेर पडली, ती कुणीतरी त्याच दिवसांत उचलली आणि मेणात घालून पटवेकराकडे दिली. ती बाजारात गेलीच नाही. हिनं कधी मीठ आणलं नाही की मिरची. शिवराईचा मूळचा रंग कसा होता, ते आज मला कळतंय."

"कुनी केलं असंल असं?" सोजराबाई म्हणाल्या. "आनं कशापायी?"

"ते नाणं बघून सांगता येत नाही, बाई. कुणाची तरी पहिली कमाई असेल. कुणी लढाईवर जाताना हातावर ठेवली असेल. काहीही असेल."

मग नानासाहेबांनी भिंग खिशात ठेवलं. "मला द्याल, तर मी हिचं सोन्याच्या मोहरेइतकं मोल देईन."

दत्तोबा उभाच राहिला. "आई! ऐकलंस का? घराला मोहरेचं घर म्हणत्यात, ते खरं हुईल."

ज्योतीराम खाली बघत बसला होता. आकुर्डीच्या देवळापुढची ती दुपार त्याच्या मनात आली. पण बोलायचा हक्क आपला नाही असं त्याला वाटलं.

सोजराबाईंनी नानासाहेबांना विचारलं, "तुमच्याकडं कुटं ऱ्हाईल ती?"

"माझ्या कपाटात. बनातीच्या खणात. अगदी जपून."

"कोन बगंल?"

"मी. आणखी चार जाणकार."

"आनं आशीच लाल ऱ्हाईल?"

नानासाहेबांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "नाही. तांब्याला वारा लागला की ते काळवंडतं. हळूहळू, पण काळवंडतंच. काल मेण काढलंत तेव्हापासून सुरुवात झालीही असेल."

"म्हंजी बगत ऱ्हायली तर जायची."

"हो."

सोजराबाई उठल्या, कापसातलं नाणं त्यांनी नानासाहेबांनी धरलं होतं तसंच कडेनं उचललं आणि उन्हात नेऊन पोटभर पाहून घेतलं. मग ज्योतीरामपुढं ठेवलं.

"बांध."

"आई, इच्यार कर," दत्तोबा म्हणाला.

"केला. गळा माझा हाय." आवाज जराही चढला नव्हता.

ज्योतीरामनं मेण तापवलं. नानासाहेब निघून जातील असं त्याला वाटलं होतं, पण त्यांनी पाटच जवळ ओढला. मेणाचा पातळ थर चढला तसा लाल रंग आत आत गेला, संध्याकाळी तळ्याच्या पाण्यात जातो तसा. मग ज्योतीरामनं नवं रेशीम घेतलं. किरमिजी. पहिली गाठ त्यानं आज्याची घातली, डावीकडून फिरवून खाली दाबलेली. जाळी वर चढू लागली. जाळीच्या मधल्या एका घरातून 'श्री' दिसत होता, तेवढ्यासाठी तो क्षणभर थांबला. नानासाहेबही वाकले. त्यानं गाठ ओढली आणि 'श्री' गेला.

"चिठ्ठी लिहून देऊ का?" नानासाहेबांनी निघताना विचारलं. "हे काय आहे, कसं आहे, माझ्या सहीनं."

सोजराबाई पहिल्यांदाच हसल्या. "चिठ्ठी कशापायी? लोक मोहर म्हणत्यात, म्हणू द्या. आमी कवा तोंडानं म्हणलोच न्हाई."

गाडीवाटेनं परतताना बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. दोन्हीकडे कांद्याची रानं. बऱ्याच वेळानं नानासाहेब म्हणाले, "ज्योतीराम, खरं तर मला राग यायला हवा."

"आला न्हाई?"

"नाही ना." आणि चाकणपर्यंत ते ह्याचंच नवल करत राहिले.

पुढं नवे पैसे आले. बाजारात आणे आणि नवे पैसे यांचा गोंधळ उडाला, भाजीवाल्या बोटं मोजू लागल्या, आणि जुनी नाणी बायका थोड्या जास्त हौसेनं माळांत घालू लागल्या. नानासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं. अंकुशी रुपया त्यांनी मुंबईच्या एका शौकिनाला दिला, असं इंदुताई सांगत. ज्योतीराम जायचा तेव्हा ते खणातलं एखादं नाणं कडेनं उचलून त्याच्या हाती द्यायचे आणि म्हणायचे, "कसं आहे, सांग." ज्योतीराम बघून सांगायचा, आणि ते मान हलवत ऐकायचे.

एकोणसाठच्या थंडीत सोजराबाई गेल्या. ज्योतीराम महाळुंग्याला जाऊन आला. डोरलं सुनेच्या, गोजाबाईच्या गळ्यात होतं, जाळीसकट. त्यानं लांबूनच पाहिलं, गाठी घट्ट होत्या.

घरी आला तेव्हा शालनबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. इतक्या वर्षांत तिनं त्या नाण्याबद्दल काही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"कसा रंग हुता वो तिचा?"

ज्योतीराम भिंतीला टेकला. जास्वंद म्हणावं तर ते फार भडक. तांब्या घासल्यावर दिसतो तसा म्हणावं तर तेही नाही. उगवतीचा म्हणावा तर तो राहत नाही. बराच वेळ तो शोधत राहिला, आणि डोळे मिटल्यावर त्याला सापडलं.

"नुकत्या जल्मलेल्या लेकराचा तळपाय आसतो न्हवं," तो म्हणाला. "तसा."

शालनबाईचे हात थांबले. त्या दोघांना एकच मूल झालं होतं आणि ते एक रात्र जगलं होतं. त्याबद्दल त्या घरात कधी बोलणं निघालं नव्हतं.

"मंग लई चांगली आसंल," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकून तिच्यावरून हळूच पाण्याचा हात फिरवला.